मतपेटी आणि मजुरी : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीवर लेख प्रसिद्ध झाला. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न येथे उत्तरासाठी घेतले आहेत.

प्रश्न : २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इशारा दिला होता की राजकारणात आपल्याकडे समता असेल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील. अमेरिकेत मात्र १९६४चा नागरी हक्क कायदा आणि १९६५चा मतदान हक्क कायदा झाल्यानंतर वर्णाचा प्रश्न निदान कायद्याने तरी मिटला, असे वाटते. मग तेथे वांशिक न्याय आणि आर्थिक न्याय या मागण्या अजूनही एकत्र का मांडल्या जातात?
— एक प्राध्यापिका, सोलापूर

उत्तर : बाबासाहेबांचा इशारा अमेरिकेलाही लागू पडतो आणि अस्पृश्य आणि कृष्णवर्णीय यांच्या प्रश्नांमधील नाते त्यांना स्वतःला स्पष्ट दिसत होते. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या, कारण अस्पृश्यांच्या वतीने तसाच मार्ग अवलंबण्याचा विचार त्यांच्या मनात होता. ड्यू बॉईस यांनी सहानुभूतीचे उत्तरही पाठवले.

आता मूळ मुद्दा. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये सुमारे अडीच लाख लोक जमले, ते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणामुळे जगाच्या स्मरणात राहिले. पण त्या मोर्चाचे अधिकृत नाव ‘रोजगार आणि स्वातंत्र्य यांसाठी वॉशिंग्टनवर मोर्चा’ असे होते आणि त्यात रोजगार हा शब्द आधी येत होता. मोर्चाची कल्पना ज्यांची, ते ए. फिलिप रँडॉल्फ आयुष्यभर रेल्वेच्या शयनयानांतील कृष्णवर्णीय सेवकांची युनियन चालवत आले होते. ताशी दोन डॉलर किमान वेतन आणि बेरोजगारांना काम देणारी सरकारी योजना या मागण्या मताधिकार आणि शाळाप्रवेश यांच्याच यादीत होत्या. पाठ्यपुस्तकांतून मोर्चाचा हा अर्धा भाग गळाला, याचे मला नेहमी वाईट वाटते, कारण त्यामुळे चळवळ केवळ सद्भावनेची मागणी करणारी होती असा समज पक्का होतो.

या मागण्या एकत्र का आल्या, याचे उत्तर त्याआधीच्या तीस वर्षांच्या कायद्यांत आहे. १९३५चा सामाजिक सुरक्षा कायदा वृद्धांना निवृत्तिवेतन देणारा होता, पण शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले गेले. १९३८च्या किमान वेतनाच्या कायद्यातही तसेच झाले. कायद्यात वर्णाचा उल्लेख कोठेही नव्हता. मात्र दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष नेमके हीच दोन कामे करत होते. घरांच्या बाबतीत याहून उघड प्रकार घडला. त्याच दशकात सरकारी यंत्रणेने शहरांचे नकाशे तयार केले, कृष्णवर्णीयांच्या वस्त्या ‘धोकादायक’ ठरवून लाल रंगाने दाखवल्या आणि गृहकर्जाला सरकारी हमी देणाऱ्या खात्याने अशा वस्त्यांना दूर ठेवले. गोऱ्या कामगाराला हप्त्याने घर घेता आले, त्या घराची किंमत वाढली, त्यावर मुलांचे महाविद्यालयीन शिक्षण झाले आणि पुढे ते घर वारशाने मिळाले. कृष्णवर्णीय कामगार तेवढ्याच मेहनतीने घरभाडे भरत राहिला. त्यातच अमेरिकेत शाळांचा बराचसा खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागतो, त्यामुळे वस्तीची दरिद्रता शाळेतही शिरते.

घरांच्या बाबतीतील भेदभावावर बंदी घालणारा कायदा एप्रिल १९६८ मध्ये झाला, परंतु तोवर जी संपत्ती जमली नाही ती कायद्याने परत आली नाही. फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२च्या पाहणीनुसार मध्यम स्थितीतील गोऱ्या कुटुंबाची निव्वळ संपत्ती सुमारे २,८५,००० डॉलर होती, तर कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४४,९०० डॉलर. सहापटीहून मोठी ही तफावत केवळ व्यक्तिगत कष्टांच्या कमीजास्तपणाने समजावून सांगता येत नाही.

प्रश्न : मी नगरपालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालो. किंग यांची हत्या झाली तेव्हा ते सफाई कामगारांच्या संपासाठी आले होते, एवढेच लेखात होते. तो संप नेमका कशासाठी होता?
— एक निवृत्त कामगार, कोल्हापूर

उत्तर : आपल्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते, कारण या संपात वांशिक आणि आर्थिक हे दोन्ही न्याय इतके एकमेकांत गुंतलेले होते की वेगळे करताच येत नाहीत.

टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात कचरा उचलणारे जवळजवळ सर्व कामगार कृष्णवर्णीय होते आणि त्यांचे वरिष्ठ गोरे. गळक्या पिंपांतला कचरा घराच्या मागच्या बाजूने डोक्या-खांद्यावर वाहून गाडीपर्यंत आणायचा, हे त्यांचे रोजचे काम. मजुरी इतकी अपुरी होती की पूर्णवेळ नोकरी असूनही अनेक कुटुंबांना सरकारी मदतीचा आधार घ्यावा लागे. जानेवारी १९६८च्या अखेरीस पावसामुळे काम थांबले, तेव्हा कृष्णवर्णीय कामगारांना दोन तासांची मजुरी देऊन घरी पाठवण्यात आले आणि गोऱ्या कर्मचाऱ्यांना पूर्ण दिवसाचे वेतन मिळाले. १ फेब्रुवारी रोजी एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार पावसात आडोसा म्हणून कचरागाडीच्या मागच्या भागात शिरले असता कचरा दाबणारे यंत्र अचानक सुरू झाले आणि दोघेही चिरडून मरण पावले. गाड्या जुन्या आणि धोकादायक असल्याची तक्रार कामगार आधीपासून करत होते. रोजंदारीवरील कामगार असल्यामुळे दोघांनाही अपघात विम्याचे संरक्षण नव्हते.

१२ फेब्रुवारीला सुमारे १,३०० कामगार कामावर गेले नाहीत. मजुरीत वाढ, सुरक्षित गाड्या, युनियनला मान्यता आणि वर्गणी पगारातून कापण्याची सोय, या त्यांच्या मागण्या होत्या. यांतील शेवटच्या दोन मागण्यांना महापौर हेन्री लोब यांचा सर्वांत कडवा विरोध होता. सार्वजनिक सेवेतील संप बेकायदेशीर आहे, एवढेच ते सांगत राहिले. युनियन म्हणजे काय हे आपण स्वतः अनुभवले असेल, म्हणून या आग्रहाचे कारण आपल्याला वेगळे सांगायला नको. मजुरी आज वाढवून उद्या गोठवता येते. मान्यताप्राप्त युनियनशी मात्र दरवेळी समोरासमोर बसून बोलावे लागते.

‘मी माणूस आहे’ एवढेच शब्द लिहिलेले फलक गळ्यात अडकवून हे कामगार रस्त्यावरून चालले. १८ मार्चच्या सभेत किंग यांनी विचारले की उपाहारगृहात गोऱ्यांच्या शेजारी बसण्याचा हक्क मिळाला, पण तेथे खाण्यापुरतेही पैसे कमावता येत नसतील तर त्याचा लाभ काय. ४ एप्रिल रोजी त्यांची हत्या झाली. ८ एप्रिलला त्यांच्या पत्नी कोरेटा यांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी मूक मोर्चा काढला आणि १६ एप्रिलला नगर परिषदेने युनियनला मान्यता देऊन मजुरी वाढवली. शहराने करार पाळावा म्हणून पुढेही कामगारांना पुन्हा संपाची तयारी ठेवावी लागली, हे विजयाच्या वर्णनातून सहसा सुटते.

प्रश्न : मताचा हक्क कायद्याने मिळाल्यावर गरिबीमुळे तो हिरावला कसा जाऊ शकतो? मत द्यायला पैसे लागत नाहीत.
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : अमेरिकेत ते प्रत्यक्ष लागत असत. दक्षिणेतील अनेक राज्यांत मतदानासाठी कर भरावा लागे. केंद्रीय निवडणुकांपुरता तो १९६४ मध्ये घटनादुरुस्तीने आणि राज्यांच्या निवडणुकांत १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने रद्द झाला. परंतु पैशाची खरी सत्ता करापेक्षा मालकाच्या हातात होती. मिसिसिपीतील फॅनी लू हेमर या दुसऱ्याच्या मळ्यात कापूस पिकवणाऱ्या शेतकरी स्त्रीने ऑगस्ट १९६२ मध्ये मतदार नोंदणीचा प्रयत्न केला, तेव्हा अर्ज मागे घे नाहीतर मळा सोड, असे मालकाने त्याच दिवशी बजावले. अठरा वर्षे जेथे राबल्या तेथून त्या बाहेर पडल्या. पुढे तुरुंगात झालेल्या मारहाणीने त्यांच्या शरीराचे कायमचे नुकसान झाले, तरी १९६४ मध्ये त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात साऱ्या देशासमोर साक्ष दिली. या अनुभवातूनच त्यांनी १९६९ मध्ये चाळीस एकर जमिनीवर ‘फ्रीडम फार्म’ ही सहकारी शेती सुरू केली. मत दिल्यामुळे काम गेले तरी चूल पेटती राहावी, ही त्यामागची व्यवस्था होती. पैशाअभावी ती शेती काही वर्षांतच बंद पडली, पण तिच्यामागचा विचार मला आजही सर्वांत स्पष्ट वाटतो.

हा इतिहास संपलेला नाही. फ्लोरिडा राज्यात २०१८ मध्ये सुमारे ६५ टक्के मतदारांनी कौल देऊन, खून आणि लैंगिक गुन्हे वगळता, शिक्षा पूर्ण केलेल्या कैद्यांना मताधिकार परत दिला. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा करून न्यायालयीन दंड आणि शुल्क यांची बाकी भरल्याशिवाय शिक्षा पूर्ण मानायची नाही, असे ठरवले आणि २०२० मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने ते मान्य केले. ज्याच्याजवळ पैसे आहेत तो मतदार आणि ज्याच्याजवळ नाहीत तो थकबाकीदार, अशी विभागणी लोकशाहीत बसत नाही, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमच्या टाउनशिपमध्ये, म्हणजे स्थानिक पालिकेच्या हद्दीत, परवडणारी घरे बांधण्याच्या योजनेवर वाद चालू आहे. मराठी मंडळींत ‘आपण कष्टाने इथवर आलो, घरांच्या किमती पडतील, शाळांवर ताण येईल’ असा सूर आहे. मला तो पटत नाही, पण उत्तर सुचत नाही.
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आपल्या मंडळींचे कष्ट खरे आहेत. त्यासोबत हेही खरे आहे की भारतीयांना मोठ्या संख्येने प्रवेश देणारा स्थलांतर कायदा ऑक्टोबर १९६५ मध्ये, मतदान हक्क कायद्यानंतर दोनच महिन्यांनी, त्याच चळवळीने बदललेल्या राजकीय वातावरणात संमत झाला. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड या शीख गृहस्थाला तो गोरा नाही म्हणून नागरिकत्व नाकारले होते. आपल्यासाठी दार उघडण्यात कृष्णवर्णीयांच्या लढ्याचा वाटा आहे, हे मंडळात मोकळेपणाने सांगावे.

किमतींच्या भीतीला उत्तर आपल्याच राज्यात आहे. माउंट लॉरेल या गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी स्वस्त घरांसाठी जागा मागितली, तेव्हा ज्यांना परवडत नाही त्यांनी गाव सोडावे, असे त्यांना १९७०च्या सुमारास ऐकवले गेले. इथेल लॉरेन्स आणि इतर रहिवासी न्यायालयात गेले. बांधकामाचे नियम असे आखता येणार नाहीत की गरिबांना गावात राहताच येणार नाही, आणि प्रत्येक वाढत्या गावाने परवडणाऱ्या घरांचा आपला रास्त वाटा उचलला पाहिजे, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये दिला आणि १९८३ मध्ये तो अधिक कडक केला. इथेल १९९४ मध्ये वारल्या. त्यांच्या नावाची वसाहत त्यानंतर काही वर्षांनी उभी राहिली. प्रिन्स्टन विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वसाहतीचा सविस्तर अभ्यास करून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले : शेजारच्या घरांच्या किमती, गुन्हेगारी किंवा कर यांवर तिचा वाईट परिणाम दिसला नाही, तर तेथे राहायला गेलेल्या कुटुंबांचे उत्पन्न आणि मुलांचे शिक्षण यांत सुधारणा झाली.

टाउनशिपच्या जाहीर सभेत रहिवाशांना बोलण्यासाठी वेळ राखलेला असतो आणि त्यासाठी अमेरिकेचे नागरिक असण्याची अट नाही, म्हणून व्हिसावरील मंडळीही जाऊ शकतात. विरोध करणारे तेथे हमखास येतात. घराची गरज असलेली कुटुंबे त्या वेळी बहुधा कामावर असतात. सभेपूर्वी आराखड्याची प्रत मागवा. परवडणारी घरे एकूण किती, त्यांतील निम्मी तरी कमी उत्पन्न गटासाठी आहेत का, अगदी अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांचा १३ टक्के वाटा राखला आहे का, किती घरे वृद्धांपुरती मर्यादित केली आहेत, आणि जागा बस व शाळेच्या जवळ आहे की महामार्गाच्या कडेला, हे प्रश्न लेखी विचारा आणि त्यांची नोंद सभेच्या इतिवृत्तात होईल असे पाहा. मंडळातील आणखी दोघा-तिघांना सोबत नेता आले तर अधिक चांगले.