आवडती चेनसॉ कंपनीने बंद केली, आता हलकी कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न मला असा कळला: काटोलकडे संत्र्याची बाग, धुऱ्यावर बाभळी, मधूनच एखादं वाळलेलं मोठं झाड. मकिताची ४२ सीसीची पेट्रोल चेनसॉ हातात बसलेली आहे, पण ती आता येत नाही असं दुकानदार सांगतो. वय पंचावन्नच्या पुढे, उजवा खांदा कुरकुरतो. तेव्हा ताकद तेवढीच पण वजनाला हलकी अशी कोणती घ्यावी?

भाऊ, दुकानदार खरं सांगून राहिला. मकिताने मार्च २०२२ पासून पेट्रोल इंजिनाची मशीन बनवणंच थांबवलं आणि सगळा भर बॅटरीवर दिला. त्यामुळे यावर्षी नाही तर पुढच्या वर्षी तिची सुधारित आवृत्ती येईल, या आशेवर थांबू नका. तुम्हाला ती का आवडते तेही कळतं. तिचा पिंड मकिताचा नाहीच, डॉल्मारचा आहे. या जर्मन कंपनीने १९२७ मध्ये पेट्रोलवर चालणारी करवत थुरिंगियातल्या डॉल्मार डोंगरावर चालवून पाहिली आणि डोंगराचंच नाव लावून घेतलं. १९९१ मध्ये मकिताने ती कंपनी घेतली. तुमची मशीन उघडली की मॅग्नेशियमचं क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं घर, दिसतं. या आकाराच्या बऱ्याच मशिनीत ते मिळत नाही.

मी नागपुरात फवारणी पंप, ब्रश कटर आणि चेनसॉ दुरुस्त करतो. विकत नाही, म्हणून अमुक कंपनीची घ्याच असं सांगण्यात माझा काही फायदा नाही. आणि माझं मत असं की तुम्ही दुसरी ४०-४५ सीसीची मशीन आत्ता घेऊच नका.

आधी वजनाचं बघू. कॅटलॉगात छापलेलं वजन बार (चेन ज्या पट्टीवर फिरते ती), चेन, पेट्रोल, ऑइल काहीच न धरता असतं. तुमची ४२ सीसीची मकिता तशी ४.९ किलो. तिच्या जागी लोक सर्रास स्टिलची एमएस २५० सुचवतात, ती ४५.४ सीसीची आणि ४.६ किलो. म्हणजे फरक ३०० ग्रॅमचा. आता दोन्हींवर सोळा इंची बार आणि चेन चढवा, साधारण किलोभर वाढलं. पेट्रोल आणि चेन ऑइलच्या टाक्या भरा, आणखी अर्ध्या किलोच्या वर गेलं. हातात येतं ते सहा किलोच्या पुढेच. तो ३०० ग्रॅमचा फरक दुकानात मशीन उचलून बघताना कळतो, बागेत दुपारी तीन वाजता कळत नाही. खरा फरक पडतो तो बारच्या लांबीने. अठरा इंची बार लावलेला असेल तर पंधरा-सोळाचा लावून बघा. बारचं नाक, म्हणजे पुढचं टोक, खाली झुकायचं कमी होतं, आणि खांद्याला त्रास मुख्यतः त्या झुकणाऱ्या नाकाचा असतो, एकूण किलोंचा नाही.

शिवाय हलकेपणाच्या बाबतीत काळ उलटा चाललाय. हस्कवर्नाची ३४६ एक्सपी ही जगभरच्या लाकूडतोड्यांची लाडकी मशीन, ५० सीसीची आणि ५ किलोच्या आसपास. ती बंद होऊन ५५० एक्सपी आली, आणि तिची मार्क टू आवृत्ती ५.३ किलो भरते. धुराचे नियम कडक झाले, सायलेन्सर मोठे झाले, सिलिंडरला जादा हवेच्या वाटा आल्या. पेट्रोल कमी खाते आणि ताकद जास्त देते हे खरं, पण अंगाने भरली. ‘नवी म्हणजे हलकी’ असं काही नाही.

आता तुमचं काम बघा. वर्षभरात तुम्ही जेवढे काप मारता त्यातले बहुतेक काप संत्र्याची सल काढण्याचे असणार. वाळलेली फांदी, अंगठ्यापासून मनगटाएवढी. त्यासाठी सहा किलोचं धूड खांद्याच्या उंचीवर धरून उभं राहायचं, मग खांदा दुखणार नाही तर काय होईल? या कामाला छोटं बॅटरीवरचं कटर घ्या. स्टिलचं जीटीए २६ बॅटरी सोडून १.२ किलोचं आहे, त्याला १० सेंटिमीटरचा बार येतो. मकिताचंही १८ व्होल्टचं तसं छोटं मशीन आहे, आणि घरी त्यांचं ड्रिल असेल तर बॅटरी तीच चालते. सल कापून झाली की बोर्डो मलम लावायला दुसरा हात मोकळा राहतो. हे मी गंमत म्हणून नाही सांगत: मोठी मशीन एका हाताने धरून फांदी कापताना मी लोकांना पाहिलंय, आणि मांडीला पडलेले टाकेही पाहिलेत.

बॅटरीचं एक ऐकून ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा उन्हात पडलेली बॅटरी चार्जर घेतच नाही, लाल दिवा दाखवून बसतो. बॅटरी बिघडलेली नसते, तापलेली असते. सावलीत, ओल्या गोणपाटाशेजारी (गोणपाटाखाली नाही) ठेवा, निवली की चार्ज होते.

राहिली धुऱ्यावरची बाभूळ आणि ते एखादं मोठं झाड. त्याला तुमची जुनी मशीन आहेच की! बंद पडली असं तुम्ही कुठेच लिहिलं नाही, येत नाही एवढंच लिहिलंय. बंद झालेल्या मॉडेलची मशीन एका दिवसात मरत नाही, एकेका पार्टने मरते. तेव्हा आजच यादी करा: क्लच ड्रम आणि स्प्रॉकेट, ऑइल पंप, इग्निशन कॉइल, एअर फिल्टर, पेट्रोलची आतली नळी, स्टार्टरची स्प्रिंग. यातलं जे मिळेल ते उचलून डब्यात ठेवा. पिस्टन-सिलिंडर संच मिळाला तर उत्तम, पण नाही मिळाला म्हणून अडत नाही. मशिनी पिस्टनपेक्षा दहा रुपयांच्या नळीने जास्त अडतात. कार्ब्युरेटरचं किट (आतले पातळ पडदे आणि पॅकिंगचा संच) मात्र मशीनच्या नावाने मागू नका. कार्ब्युरेटरच्या अंगावर वॉल्ब्रो, झामा असं तो बनवणाऱ्या कंपनीचं नाव आणि बारीक नंबर कोरलेला असतो. टूथब्रशने घासा, मोबाइलने फोटो काढा आणि तो नंबर दाखवा. त्याच कार्ब्युरेटरच्या दुसऱ्या कंपनीच्या मशिनी आहेत, त्यामुळे किट मिळत राहतं.

किट म्हटलं की पेट्रोलचा विषय आलाच. माझ्याकडे येणाऱ्या चेनसॉत सध्या सर्वांत मोठी तक्रार हीच. पंपावर आता ई२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. स्टिलच्या माहितीपुस्तकात स्पष्ट आहे की स्क्रूने जुळवायच्या साध्या कार्ब्युरेटरला १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालतं, आणि एम-ट्रॉनिक (स्वतः जुळवून घेणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कार्ब्युरेटर) वाल्यांना २७ टक्क्यांपर्यंत. तुमची मशीन साध्या कार्ब्युरेटरची. मग करायचं काय? पेट्रोल तर तेच मिळतं. मी गिऱ्हाइकांना एवढंच सांगतो की मिक्स करून साठवू नका. लिटरला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल, म्हणजे पन्नासास एक, लागेल तेवढंच बनवा. काम संपलं की टाकी रिकामी करा आणि मशीन चालू ठेवून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत बंद पडू द्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पावसाळ्यात गोठ्याच्या माळ्यावर अर्ध्या भरल्या टाकीने पडलेल्या मशीनच्या कार्ब्युरेटरमधला डायफ्रॅम, म्हणजे तो पातळ पडदा, मी उघडतो तेव्हा तो कागदासारखा कडक झालेला असतो. बोटाने दाबला तर परत येत नाही. तेवढ्यावरूनच लोक म्हणतात, मशीन म्हातारी झाली, नवी घ्या.

उन्हाळ्यातली दुसरी तक्रार: गरम मशीन बंद केली, चहा घेतला, आता दोरी ओढून हात गळाला तरी चालू होत नाही. आत पेट्रोलची वाफ झालेली असते. सावलीत न्या, टाकीचं झाकण हळूच सैल करून दाब जाऊ द्या, परत घट्ट लावा आणि चोक न देता ओढा. चोक दिला की प्लग ओला झालाच म्हणून समजा.

आता समजा जुनी खरोखरच गेली, सिलिंडरला ओरखडे पडले, पार्ट मिळेना. तेव्हा तुमच्या कामाला मी एमएस २५० म्हणेन. २.३ किलोवॅट ताकद तुमच्या मकिताच्या २.२ ला पुरून उरते. उणीव ही की तिचं इंजिन प्लास्टिकच्या धडात खालून पाट्याने आवळलेलं असतं. पिस्टन बघायचा तरी अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं, मजुरी वाढते. रोज लाकूड पाडणाऱ्याला मी ती सांगणार नाही, वर्षाकाठी काही दिवस कापणाऱ्याला सांगेन. हस्कवर्नाची ४४५ मजबूत आहे, पण २.१ किलोवॅट आणि वजनाला तुमच्या मकिताएवढीच, मग बदलून मिळवलं काय? खिसा भारी असेल आणि विक्रेता मागवून देत असेल तर एमएस २६१ सी-एम बघा: ३ किलोवॅट, ४.९ किलो. वजन तुमच्या जुनीएवढंच, ताकद तिसऱ्या हिश्शाने जास्त. पण तिचं इलेक्ट्रॉनिक कार्ब्युरेटर माझ्यासारख्याच्या टेबलावर स्क्रू फिरवून सुधरत नाही, त्याला कंपनीचा संगणक लागतो. गावात बसून ती चालवायची तर याचा विचार करा.

ऑनलाइन स्वस्तात मिळणारी ५८ सीसी, बावीस इंची बारवाली मशीन तुम्हाला कोणीतरी सुचवणारच. त्यातल्या बऱ्याच मशिनींचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ४५.२ मिलिमीटर असतो आणि हिशेब मांडला तर ५४ सीसीच्या आसपास येतो. पार्ट स्वस्त आणि कुठेही मिळतात, हे तिचं मोठेपण मान्य. पण दुखऱ्या खांद्याला तो थरथराट नको. शिवाय त्या बारचं नाक एवढं पुढे की लाकडात अडकलं तर मागे उसळणारच. घेतलीत तर पहिल्या दिवशी समोरचा चेन ब्रेक पुढे ढकलून बघा, चेन तिथल्या तिथे थांबायला हवी. नाही थांबली तर परत पाठवा.

नवी घेताना जुना बार आणि चेन तिच्यावर चढतील असं धरू नका. बारच्या शेपटाची खाच आणि ऑइलचं भोक कंपनीगणिक वेगळं असतं. तुमची .३२५ इंच पिचची (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधलं अंतर) चेन असेल तर कानस ४.८ मिलिमीटरची, आणि छोट्या पेट्रोल मशिनीवरच्या ३/८ लो प्रोफाइलला ४ ची. चुकीची कानस मारली की दात वरून चमकतो आणि खाली बोथटच राहतो. वाळक्या बाभळीसाठी ३० अंशांऐवजी २५ अंशांवर धार लावून बघा. काप जरा सावकाश पडतो पण धार टिकते. बाभळीचा खालचा हात-दीड हात साल कुऱ्हाडीने आधी सोलून घ्या, पावसात उडालेली माती तिच्यात बसलेली असते आणि चेन मातीनेच मरते, लाकडाने नाही. भुसा पिठासारखा बारीक पडायला लागला की दाबू नका, थांबा आणि कानस काढा. खांदा दुखायचं अर्धं कारण बोथट चेन हेच असतं, कारण मशीन ओढत नाही म्हणून माणूस ढकलतो.

ते वाळलेलं मोठं झाड चिंच किंवा सागवान असेल, तर ते १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत येतं. स्वतःच्या शेतातलं असलं तरी परवानगी लागते, सातबारा घेऊन आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन या. आणि कार्ब्युरेटरवरचा नंबर वाचता आला नाही तर फोटो इथेच टाका, किट कोणतं लागेल ते बघून सांगतो.