चित्र काढता येत नसेल तर मुलांबरोबर काय करावं?

दिवाळीचा किल्ला करा. मुलं सात आणि दहा वर्षांची, घर फ्लॅटमधलं आणि चित्रकलेची भीती, असं तुम्ही लिहिलंय. यातलं काहीच किल्ल्याच्या आड येत नाही. मी दोन मुलांबरोबर दरवर्षी गॅलरीत करते. तीन बाय चार फूट जागा पुरते.

खाली जाड प्लॅस्टिक अंथरा, त्यावर विटा आणि दगड रचा. पुठ्ठ्याची खोकी नकोत, ओलीने बसतात. मग गोणपाट मातीच्या पाण्यात बुडवून वरून टाका. ते जसं पडतं तशा डोंगराच्या सोंडा आणि घळी आपोआप दिसायला लागतात. मुलं तिथे हमखास थांबून बघतात. त्यावर चाळलेल्या लाल मातीचा चिखल थापायचा. पातळ झाला तर ओघळतो, फार घट्ट झाला तर वाळताना तडे जातात. पाणी किती घालायचं ते मुलांनाच ठरवू द्या. हिरवळीसाठी मोहरीपेक्षा हळीव बरे. भिजले की बुळबुळीत होतात, त्यामुळे उतारालाही चिकटून राहतात. वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरा.

किल्ला खराच निवडा. 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या 12 किल्ल्यांपैकी 11 महाराष्ट्रातले आहेत, त्यातला एक मुलांना निवडायला सांगा. आम्ही राजगड केला होता. मध्ये बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या, म्हणजे बालेकिल्ल्याखालचे तटबंदी असलेले सपाट भाग. संजीवनीची दुहेरी तटबंदी थापताना धाकटी म्हणाली, "बाहेरची भिंत पडली तरी आतली आहेच की!" डिसेंबरात गडावर नेलं, तेव्हा त्या दोन तटांमधल्या वाटेने ती सगळ्यांच्या पुढे चालत होती.

एक चूक मात्र करू नका. पहिल्या वर्षी मुलाचा बुरूज वाकडा झाला होता. तो झोपल्यावर मी सरळ केला. सकाळी त्याने पाहिलं, काही बोलला नाही, पण त्या दिवाळीत किल्ल्याला परत हात लावला नाही. मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून माझ्याकडे माती चाळणं, पाणी आणणं आणि जड विटा उचलणं एवढीच कामं असतात.

यंदा सिंधुदुर्ग ठरलाय. समुद्र निळ्या रांगोळीचा की परातीत खऱ्या पाण्याचा, यावर दोघांचं अजून भांडण चालू आहे.