साभार परत, जेवेना आणि रिप्युडिएट

एका वाचकाचा प्रश्न आलाय. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा मेडिक्लेम नामंजूर झाला. पत्रात 'रिजेक्ट' नाही, 'रिप्युडिएट' असं लिहिलंय. हे काही वेगळं आहे का? आणि रिफ्यूज, डिक्लाइन, डिनाय, रिजेक्ट हे सगळं शेवटी 'नाकारणं'च ना?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण घोळ तिथेच आहे. आपल्या वर्तमानपत्रांनी 'नाकारणे' हे क्रियापद इतकं राबवलंय की आरोपही नाकारतात, निमंत्रणही नाकारतात, व्हिसाही नाकारतात आणि तिकीटही नाकारतात. मग हाच माणूस इंग्रजी लिहायला बसला की 'ही डिनाइड टु कम' असं लिहून मोकळा होतो. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या दर चार मजकुरांत एकदा तरी हे वाक्य सापडतं. डिनायपुढे 'टु' लावून कृती येत नाही. यायला नकार दिला तर 'रिफ्यूज्ड टु कम', 'मी आलोच नव्हतो' असं म्हणाला तर 'डिनाइड कमिंग'. पहिल्यात माणूस घरी बसलाय, दुसऱ्यात बहुधा येऊन गेलाय आणि कानावर हात ठेवतोय.

डिनायला आपल्याकडे 'इन्कार करणे' आणि कोर्टातलं 'नाकबूल करणे' हे चोख शब्द आहेत. समोर एखादं विधान असतं आणि तुम्ही 'हे खरं नाही' म्हणता. त्याचा दुसरा अर्थ म्हणजे जे मिळायला हवं ते मिळू न देणं. प्रवेश, हक्क, जामीन. तिथे मात्र 'नाकारला' बरोबर बसतो.

रिफ्यूजचं मराठी मला सगळ्यात आवडतं, कारण त्यासाठी आपल्याला वेगळा शब्द लागतच नाही, नकार क्रियापदाच्या पोटातच असतो. 'द चाइल्ड रिफ्यूज्ड टु ईट' याचं भाषांतर 'मुलाने खाण्यास नकार दिला' असं केलं, की ते मूल उपोषणाला बसल्यासारखं वाटतं. मराठीत 'पोरगं जेवेना'. बैल जागचा हलेना, म्हातारा ऐकेना, स्कूटर सुरू होईना. इंग्रजीतही स्कूटर स्टार्ट व्हायला 'रिफ्यूज' करते, डिक्लाइन कधीच करत नाही. रिफ्यूजमध्ये हट्ट आहे, समोर मागणी किंवा अपेक्षा आहे आणि हा अडून बसलाय.

डिक्लाइनमध्ये अडून बसणं नाही, बाजूला कलणं आहे. लॅटिन मूळच 'कलणे, वळणे' असं आहे. समोरच्यानं काही देऊ केलंय आणि तुम्ही त्याचा मान राखून 'नको' म्हणताय. फोनवरच्या लाल बटणाखाली 'डिक्लाइन' असतं, कार्ड चाललं नाही तर मशीनही 'डिक्लाइन्ड' म्हणतं. तुमच्या खात्यात पैसे नाहीत हे चार लोकांसमोर सांगायची ती सभ्य रीत. आपल्याकडे या कलेचा कळस लग्नाच्या बाजारात बघावा. मुलगी पसंत नाही असं कोणी म्हणत नाही. आठ दिवसांनी फोन येतो, "अहो, सगळं छानच आहे हो, पण पत्रिका जमत नाहीये. योग नाही, दुसरं काय." हे शंभर नंबरी डिक्लाइन. फोन ठेवल्यावर मुलीची आई स्वयंपाकघरात म्हणते, "वाटाण्याच्या अक्षता लावल्या," ते रिफ्यूज. घटना एकच, पण देणाऱ्याचा शब्द वेगळा आणि घेणाऱ्याचा वेगळा.

म्हणूनच १९६४ चं साहित्याचं नोबेल सार्त्रनं घेतलं नाही, त्याबद्दल नोबेलवाले 'डिक्लाइन्ड' लिहितात आणि त्यात बंड पाहणारे 'रिफ्यूज्ड' लिहितात. गोपाळ कृष्ण गोखल्यांना १९१४ मध्ये 'सर'की देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही, तेही डिक्लाइन. रवींद्रनाथांनी १९१९ मध्ये जालियनवाला बागेनंतर केलं ते मात्र यातलं काहीच नव्हे. पदवी १९१५ पासून त्यांच्याकडे होती. हातात असलेलं सोडून देणं हे 'रिनाउन्स', आपलं 'त्याग'. त्यांनी 'सर' ही पदवी 'नाकारली' असं अनेकदा छापून येतं, ते चूक.

अमेरिकेच्या व्हिसाचं एक सांगून ठेवतो, कारण पुण्यातले निम्मे आईबाप त्या रांगेत असतात. कलम २२१ (जी) खाली कागद आणखी तपासायचे असले, तरी संकेतस्थळावर 'रिफ्यूज्ड' दिसतं. तिथल्या कायद्यात व्हिसा द्यायचा किंवा 'रिफ्यूज' करायचा, एवढे दोनच खण आहेत. लोंबकळत्या अर्जाला तिसरा खण नाही. कागद पुरे झाल्यावर याच अर्जांवर पुढे व्हिसा मिळतोही. तेव्हा तो शब्द पाहून लगेच देव पाण्यात घालू नका.

रिजेक्टला पारख लागते. मूळ अर्थ 'मागे फेकणे', इंजेक्शनमधला 'जेक्ट' तोच. आंब्याची पेटी उघडून डागी फळ बाजूला काढतात ते रिजेक्ट. न बघता नको म्हटलं तर ते रिजेक्ट होत नाही. संपादकांची रिजेक्शन स्लिप आपल्याकडे 'साभार परत' झाली. इंग्रजीनं फेकून दिलेली कविता मराठीनं आभार मानून परत केली, कवीला दुःख तेवढंच. स्पर्न हा त्याहून उद्धट, मुळात लाथ मारणंच. 'लाथाडणे' तंतोतंत बसतं, 'झिडकारणे' जरा सौम्य. रिबफला 'वाटेला लावणे' चालेल.

आता तुमचं पत्र. रिप्युडिएटच्या मुळाशी रोमन लोकांचा 'रेपुडियम' आहे, म्हणजे ठरलेलं लग्न किंवा संसार मोडल्याचा निरोप. यात वस्तू नाकारत नाहीत, संबंध नाकारतात. सोव्हिएत सरकारनं १९१८ मध्ये झारच्या काळातली कर्जं रिप्युडिएट केली. पैसे नाहीत असं ते म्हणत नव्हते, हे देणं आमचं नव्हेच असं म्हणत होते. आपल्या पेपरांतली जाहीर नोटीस आठवा: 'माझा मुलगा माझ्या सांगण्याबाहेर गेला असून त्याने केलेल्या व्यवहारास मी जबाबदार नाही.' बापानं पोराला रिप्युडिएट केलंय.

विमा हा करार. त्यामुळे कंपनी हा शब्द वापरते तेव्हा 'तुमचा अर्ज आवडला नाही' असं म्हणत नसते, तर 'या करारानुसार हे देणं आमच्यावर येत नाही' असं म्हणत असते. व्यवहारात रिजेक्ट आणि रिप्युडिएट एकमेकांच्या जागी सर्रास येतात, हेही खरं. पण शब्द धरून चालायचं तर आईला 'दावा फेटाळला' एवढं सांगा आणि कंपनीला लिहिताना 'दायित्व नाकारलं' असं लिहून, पॉलिसीच्या कुठल्या कलमाखाली, ते विचारा.