वाचकांचे प्रश्न : धर्मगुरूंनी जमीन-पाण्याच्या भानगडीत का पडावे?

प्रश्न : वसईचे कॅथलिक धर्मगुरू आणि मराठी लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याविषयी आदर असूनही विचारावेसे वाटते, की वसईच्या जमिनीसाठी आणि पाण्यासाठी धर्मगुरूने रस्त्यावर उतरणे कितपत उचित होते?

उत्तर : आपल्या प्रश्नामागे अशी समजूत दिसते, की श्रद्धा ही देवळाच्या आत मावणारी गोष्ट आहे. बायबल तसे मानत नाही. जुन्या करारात अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता; वाडवडिलांची जमीन विकायला नाबोथाने नकार देताच खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडांनी ठार मारण्यात आले, आणि तेव्हा एलीया संदेष्टा प्रार्थना करीत बसला नाही, तर त्या मळ्यातच राजाला गाठून त्याने जाब विचारला. बिल्डरांचा डोळा वाडीवर आणि टँकरवाल्यांचा विहिरीवर असलेल्या वसईत ही कथा वाचणाऱ्या धर्मगुरूला ती जुनी वाटली नसेल. जमीन-पाणी वाचवण्यासाठी फादर दिब्रिटो ज्यात उतरले, त्या हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात सर्व धर्मांचे लोक होते, हेही विसरू नये. बेसुमार उपशाने पाणी खारे झाले, की ते सगळ्यांच्याच विहिरीत होते.

मात्र आपल्या शंकेत एक तथ्य आहे. कॅथलिक चर्चचा कायदा धर्मगुरूंना सत्तेची पदे स्वीकारण्यास मनाई करतो, आणि ते योग्यच आहे. एलीयाने अहाबाला जाब विचारला. त्याचे सिंहासन मागितले नाही.