मशीन सुरू झाल्यावर मुलगा काय करतो?

फोंड्याहून एका आईचे पत्र आले आहे. मुलगा बारावी सायन्सला, प्रोग्रॅमिंगची आवड. लिस्बनच्या मामाने पाठवलेला जुना झेडएक्स स्पेक्ट्रम कॉम्प्युटर तो सारखा उघडून बसतो. ‘परीक्षेपर्यंत कुलपात ठेवू का? आणि पुढे कॉम्प्युटर घ्यावे की इलेक्ट्रॉनिक्स?’ असे त्यांनी विचारले आहे.

ताई, कुलूप नको. रविवारची सकाळ त्याची, बाकी दिवस अभ्यासाचे, एवढे ठरवून द्या. एक गोष्ट मात्र सक्तीची: हा कॉम्प्युटर टीव्हीला जोडून चालवतात, पण पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही त्याने उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही ट्यूबवर हजारो व्होल्टचा भार राहू शकतो.

स्पेक्ट्रम १९८२ साली आला. त्यात झेड-८० प्रोसेसर, १६ केबी रॉम (कायमची मेमरी). त्याला ९ व्होल्ट, १.४ अँपिअरचा अडॅप्टर लागतो आणि त्याच्या पिनेत मध्ये निगेटिव्ह असते. बाजारातले बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे असतात, म्हणून लावण्याआधी मल्टिमीटरने तपासायला सांगा. पडद्यावर नुसते चौकोन दिसत असतील तर मुले आधी मेमरी बदलायला धावतात. पण आतल्या आठ ४११६ मेमरी चिप्सना +५, +१२ आणि −५ असे तिन्ही व्होल्ट लागतात. −५ गेले आणि १२ चालू राहिले की चिप्स जळतात. आधी पॉवरचा भाग दुरुस्त केला नाही तर नव्या चिप्सही त्याच वाटेने जातील. तिन्ही व्होल्ट मोजून वहीत लिहायचे आणि मगच सोल्डरिंग आयर्न हातात घ्यायचे. आपल्याकडच्या पावसाळ्यात कनेक्टरवर गंज चढतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा आणि मशीन सिलिका जेल घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

आता शाखेचे. मशीन सुरू झाल्यावर तो काय करतो, ते बघा. लगेच दुसरे बंद पडलेले यंत्र शोधू लागला तर त्याचा जीव सर्किटमध्ये आहे. त्याने इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन घ्यावे. तुमच्या जवळच, फर्मागुडीच्या गोवा इंजिनीअरिंग कॉलेजात ही शाखा आहे. त्याच मशीनवर असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या थेट आज्ञांच्या भाषेत, प्रोग्रॅम लिहीत बसला, ६,९१२ बाइटांच्या स्क्रीन मेमरीत चित्र कसे बसवायचे याचा विचार करू लागला, तर कॉम्प्युटर घ्यावे. दोन्ही वाटा एम्बेडेड सिस्टिम्सकडे, म्हणजे यंत्रांच्या आत बसवलेल्या छोट्या कॉम्प्युटरांच्या कामाकडे, जाऊ शकतात. तिथे थोड्या मेमरीत काम भागवणारा, डेटाशीट (चिपचे माहितीपत्रक) वाचणारा आणि सी भाषा पक्की असलेला मुलगा हवाच असतो.

नुसत्या जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीवर गोव्यात घर चालेल, असे मला वाटत नाही. गिऱ्हाईक थोडे, सुटे भाग परदेशातून मागवायचे. ती आवड म्हणून राहू द्या.

आणखी एक काम त्याला आतापासून लावा. प्रत्येक दुरुस्तीची दोन पाने लिहायची: लक्षण काय होते, कुठे किती व्होल्ट मिळाले, कोणता भाग बदलला आणि तो का बिघडला. सोबत आधीचा-नंतरचा फोटो. तिसऱ्या वर्षी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांत इंटर्नशिप मागायला जाताना गुणपत्रिकेबरोबर हीच पाने न्यायची.