पहिले घर घेताना एजंटाची पारख कशी करावी?

प्रश्न : आम्ही मूळचे अमळनेरचे, नोकरीनिमित्त सहा वर्षांपासून जळगावात भाड्याच्या घरात राहतो. आता पहिलेच घर घेत असून, बांधकाम चालू असलेल्या इमारतीतील 32 लाखांचा फ्लॅट पसंत पडला आहे. एक एजंट म्हणतो, ‘आजच 5 लाख भरा, दुसरे गिऱ्हाईक तयार आहे, साठेखत (विक्रीचा करार) पुढे करू.’ दुसरा म्हणतो, ‘आधी कागद पाहू, आठ दिवस थांबा.’ सासरे म्हणतात, दोघांनाही सोडा, दलाली तरी वाचेल. आम्ही काय करावे?
– एक वाचक भगिनी, जळगाव

उत्तर : आपण आठ दिवस थांबावे, असे मी आग्रहाने सांगेन. रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या कलम 13 नुसार साठेखताची नोंदणी होण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि आपल्या फ्लॅटच्या बाबतीत ही मर्यादा 3 लाख 20 हजारांची आहे. 5 लाखांची घाई करणाऱ्या एजंटाला एकतर हे ठाऊक नाही किंवा ठाऊक असूनही तो बोलत नाही. दोन्ही परिस्थितींत त्याच्या भरवशावर आयुष्याची पुंजी सोपवू नये.

सासऱ्यांची काळजी मला समजते. परंतु शेतजमीन बिनशेती होऊन तिच्यावर इमारत उभी राहीपर्यंत जे फेरफार, करार आणि बोजे मागे साचलेले असतात, ते पहिल्यांदाच घर घेणाऱ्याला दिसत नाहीत. चांगला एजंट फ्लॅटच्या चावीआधी सातबारा किंवा मिळकत पत्रिका समोर ठेवतो, ‘इतर हक्क’ या रकान्यावर बोट ठेवून बँकेचा बोजा आहे का ते दाखवतो आणि ‘भोगवटादार वर्ग 2’ (म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असे लिहिलेले दिसले, तर हस्तांतरणाची परवानगी मागतो. खानदेशात आणखी एक गोष्ट पाहावीच लागते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यास जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ चे बंधन आहे, त्यामुळे मूळ मालक कोण होता हे जुन्या फेरफारांतून तपासावे लागते. हे सारे करूनही तो वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी आणि बोजांच्या जुन्या नोंदींचा शोध-अहवाल, घ्यायला सांगतो. ‘वकिलाची गरज नाही’ म्हणणाऱ्या एजंटाला मी तरी दारातूनच नमस्कार करेन.

एजंटाला त्याचा स्वतःचा महारेरा (राज्याचे रेरा प्राधिकरण) नोंदणी क्रमांक विचारा. तो ‘ए’ अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा ‘पी’ने. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प पूर्ण करण्याची तारीख आणि चालू खटले पाहता येतात. फ्लॅटचे क्षेत्रफळ कार्पेटमध्येच, म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेतच विचारावे, कारण दर ‘सेलेबल’वर, म्हणजे जिना-लॉबी धरून फुगवलेल्या क्षेत्रफळावर सांगण्याची सवय अजून गेलेली नाही.

खर्चाचा पूर्ण हिशेबही त्याने पहिल्याच भेटीत लिहून द्यायला हवा. मुद्रांक शुल्कात केवळ महिलेच्या नावे घर घेतल्यास 1 टक्का सवलत आहे, म्हणजे आपले सुमारे 32 हजार रुपये वाचतील. नोंदणी शुल्क 30 हजार रुपये होईल. बांधकाम चालू असल्याने जीएसटी लागेल. 45 लाखांपर्यंतच्या आणि 90 चौरस मीटर कार्पेटपर्यंतच्या घराला आपल्याकडे तो 1 टक्का आहे.

घर पाहायला सकाळी नव्हे, दुपारी तीन वाजता जा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांवर जातो आणि वरच्या मजल्यावरची पश्चिमेची भिंत रात्रीही हाताला गरम लागते. ज्या एजंटाला आपले राहणे समजते, तो हे स्वतःहून सांगतो. नळाला किती दिवसांआड पाणी येते आणि बोअरला उन्हाळ्यात किती पाणी टिकते, हेही शेजारच्या इमारतीत विचारून ठेवतो.

आता दलालीविषयी. टक्केवारी आधीच ठरवून घ्यावी, ती कोणत्या टप्प्यावर द्यायची हे कागदावर लिहावे, आणि निम्मी रक्कम साठेखताची नोंदणी झाल्यावर, उरलेली ताबा मिळाल्यावर द्यावी. दुसऱ्या एजंटाला ही अट मान्य आहे का, हे उद्याच विचारा.