बोस्टनला येताय, मुलीच्या शाळेचं विचारलंत म्हणून

ताई, यजमानांना इथल्या हॉस्पिटलात पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी) मिळाली, ऑगस्टमध्ये येताय, मुलगी तेव्हा चौथीत जाईल, आणि शहरातल्या चार्टर शाळा फुकट असून चांगल्या असतात हे खरं का, असं तुम्ही विचारलंत. व्हिसा, विमा, बँक यांची उत्तरं सरकारी साइटवर आहेत, ती मी देत बसत नाही. शाळेचा प्रश्न वाचला आणि कुकर बंद करून लिहायलाच बसले.

पुण्यात महापालिकेबरोबर आकांक्षा फाउंडेशन चालवतं त्या शाळा पाहिल्या असतील, तर चार्टर म्हणजे काय ते अर्धं कळलंच. पैसा सरकारचा, कारभार संस्थेचा, फी नाही. प्रवेश आरटीईसारखा सोडतीनं, फक्त उत्पन्नाचा दाखला कुणी मागत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये १९९३ च्या कायद्यानं या आल्या. परवाना पाच वर्षांचा. मुलं शिकली नाहीत तर राज्य तो परत घेऊ शकतं.

पण या शाळा कुणासाठी निघाल्या, ते आधी समजून घ्या. १९७४ मध्ये कोर्टाच्या हुकमानं बोस्टनची काळी-गोरी मुलं बसमधून एकमेकांच्या वस्तीतल्या शाळांत न्यायला लागले. बसवर दगड पडले, आणि ज्यांना परवडलं त्यातले बरेच गोरे उपनगरांत निघून गेले. शहरातल्या शाळांत बहुतेक काळी आणि लॅटिनो मुलं राहिली, त्यातली बरीच गरीब. त्यांना कॉलेजपर्यंत पोहोचवायचं, हा या शाळांचा निर्धार. कॉडमन अकॅडमी ही चार्टर शाळा २००१ मध्ये बोस्टनच्या डॉर्चेस्टर भागातल्या आरोग्य केंद्रातच सुरू झाली, म्हणजे शाळा आणि दवाखाना शेजारीशेजारी. ब्रूक शाळेला एडवर्ड ब्रूक यांचं नाव आहे. थेट मतदानानं अमेरिकेच्या सिनेटवर निवडून गेलेले ते पहिले काळे नेते, १९६६ साली, याच राज्यातून. २००२ मध्ये शहरातल्याच रॉझलिंडेलला निघालेली ती शाळा दहा वर्षांत मॅटापॅन आणि ईस्ट बोस्टन या भागांत पोहोचली.

तर, चांगल्या असतात का? एमआयटीच्या जोशुआ अँग्रिस्ट (यांना पुढे २०२१ चं नोबेल मिळालं), पराग पाठक वगैरे अर्थतज्ज्ञांनी सोडतीत नंबर लागलेली आणि न लागलेली मुलं ताडून पाहिली. दोन्हीकडचे पालक तितकेच धडपडे, त्यामुळे तुलना खरी. शहरातल्या चार्टरमध्ये मुलांनी, विशेषतः गणितात, मोठी मजल मारली. उपनगरांतल्या चार्टरमध्ये तसं काहीच नाही. आणि सुरुवातीला जी मागे होती, त्यांना फायदा जास्त. तुमच्या मुलीला तीसपर्यंत पाढे येत असतील तर हे शेवटचं वाक्य परत वाचा.

आमच्या मुलाचा नंबर पाचवीत लागला. शाळेचं नाव सांगत नाही. अभ्यास उत्तम, यात शंका नाही. शिक्षक संध्याकाळी फोनवर गणित समजावून सांगायचे. पण वर्गातून वर्गात जाताना ओळीत, तोंडातून शब्द नाही. बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघायचं, नाहीतर नोंद. आमचा गाढव बाई रागावल्या की खाली मान घालून उभा राहायचा, आजोबांनी शिकवलंय तसा. त्याबद्दल पहिल्याच महिन्यात घरी चिठ्ठी आली. आता अशी शिस्त बऱ्याच ठिकाणी सैल झाली आहे. 'किप' या चार्टर शाळा चालवणाऱ्या मोठ्या संस्थेनं तर 'कष्ट कर, चांगला वाग' हे आपलं ब्रीद २०२० मध्ये सोडून दिलं, कारण ते काळ्या मुलांना मान तुकवायला शिकवतं असं त्यांनाच वाटायला लागलं.

मग शाळेची वाढ सुरू झाली. दुसरी इमारत, तिसरी इमारत. मुलाच्या आवडत्या बाई नव्या शाखेच्या मुख्याध्यापिका झाल्या, विज्ञानाचे सर त्यांच्याबरोबर गेले, आणि त्याच्या वर्गावर नुकती पदवी घेतलेली पोरं आली. देणगीसाठी एक पत्रक निघालं. त्यावर गणवेशातला आमचा मुलगा हसतोय आणि शेजारी छापलंय की ही मुलं घराण्यात पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढणार. माझे वडील सांगलीत कॉलेजचे प्राचार्य होते हो! नवरा पीएचडी. मी ऑफिसात गेले, फोटो काढायला लावला. बाहेर आल्यावर प्रश्न पडला, मला राग कशाचा आला? खोटेपणाचा, की आपल्याला 'त्यांच्यात' मोजल्याचा? अजून उत्तर नाही. पुण्यात भाच्याच्या शाळेत आरटीईची मुलं आली तेव्हा आमच्या घरात काय काय बोललं गेलं होतं, ते मला तोंडपाठ आहे.

२०१६ मध्ये राज्यात चार्टर शाळा वाढवायच्या का यावर मतदान झालं. सुमारे ६२ टक्के लोक नाही म्हणाले. मूल चार्टरला गेलं की त्याच्या वाट्याचा पैसाही जुन्या शाळेकडून निघतो, हे त्यांचं मुख्य दुखणं. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीनंही नव्या चार्टर थांबवा म्हणून ठराव केला होता. आम्हाला मत नव्हतंच. शाळेनं दिलेला 'हो'चा फलक आमच्या खिडकीत, आणि समोर सरकारी शाळेत शिकवणाऱ्या बाईंच्या खिडकीत 'नाही'चा. त्या तरी रोज सकाळी हसून बोलायच्या. त्यांच्याकडे पोळीभाजी घेऊन जायचीही सोय राहिली नव्हती असं मलाच वाटायचं.

कागदांचं सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. शाळा सोडल्याचा दाखला इंग्रजीत करून आणा. कुणी नीट वाचत नाही, पण नसला की अडवतात. लसींचं कार्ड डॉक्टरच्या सहीशिक्क्यानं नव्यानं लिहून घ्या. बीसीजीमुळे टीबीची त्वचेवरची चाचणी आपल्या मुलांची पॉझिटिव्ह येऊ शकते, तेव्हा रक्ताची चाचणीच मागा. एक्स-रेसाठी आमचे आठवडे गेले. घरी कोणती भाषा बोलता या फॉर्मवर मराठी लिहिलंत की मुलीची इंग्रजीची परीक्षा होणार, आणि त्यात कमी पडली तर दर हिवाळ्यात पुन्हा. ओळखीचे सगळे म्हणाले, इंग्रजी लिहून मोकळी हो. मी मराठीच लिहिलं. तीन हिवाळे तो परीक्षेला बसला आणि माझ्यावर चिडला. तरी तुम्ही मराठीच लिहा असं मी म्हणेन, पण मुलीला आधी सांगून.

एकटेपणाचंही विचारलंत. येतो. फेब्रुवारीत जास्त. पुढे.

तुम्ही ऑगस्टमध्ये याल तेव्हा मार्चची सोडत होऊन गेलेली असेल. पहिलं वर्ष सरकारी शाळेत काढा, त्यात काही बिघडत नाही. फेब्रुवारी संपायच्या आत पाचवीचा अर्ज भरा, पैसे लागत नाहीत. बऱ्याच चार्टर शाळा पाचवी-सहावीलाच मुलं घेतात. त्याआधी शाळा बघायला जा, तीही जेवणाच्या सुट्टीत, आणि गेल्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले ते विचारा. पत्ता बोस्टन शहरातलाच हवा, पलीकडच्या गावातल्यांचा नंबर शहरातल्या मुलांनंतर. भाड्याचा करार दोघांच्याही नावानं करून घ्या, एकट्या यजमानांच्या नको. आमचा तसा होता, आणि प्रवेशाच्या दिवशी नवरा ह्यूस्टनला कॉन्फरन्सला होता.